अर्धशिशी: उजेड, आवाज, वास का सोसत नाहीत?

"लाइट बंद कर", "टीव्हीचा आवाज कमी कर", "फोडणीचा वास नको" ही अर्धशिशीच्या रुग्णाची विनवणी अनेक घरांत नखरा ठरते. तो नखरा नाही. त्या वेळी मज्जासंस्थाच साध्या संवेदना कित्येक पटींनी तीव्र करत असते.

गैरसमज: उजेड सोसत नाही, म्हणजे डोळ्यांतच दोष.
वस्तुस्थिती: नंबर जरूर तपासावा, पण या त्रासाचं मूळ मेंदूत आहे. संशोधक रामी बर्स्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अर्धशिशी असलेल्या दृष्टिहीन रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना वस्तू दिसत नव्हत्या, पण उजेड जाणवत होता, त्यांचंही डोकं उजेडात जास्त दुखत होतं. मात्र घरातही सतत काळा चष्मा लावू नये. डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि उजेड आणखी खुपतो.

गैरसमज: केस विंचरतानाही दुखतं, हे जरा अतीच.
वस्तुस्थिती: याला 'अ‍ॅलोडिनिया' म्हणतात. वेदनेचे संदेश सतत येत राहिले की ते पुढे पाठवणाऱ्या चेतापेशी अतिसंवेदनशील होतात. मग कंगवा, चष्म्याची काडी, उशीचा स्पर्शही दुखतो. अर्धशिशीच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना हा अनुभव येतो. जखम भरल्यावरही दुखणं महिनोन् महिने रेंगाळतं, तेव्हाही अनेकदा चेतापेशींची हीच अतिसंवेदनशीलता कारणीभूत असते. १९८३ मध्ये संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी ती प्रयोगाने दाखवली.

गैरसमज: डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येणं म्हणजे भ्रम.
वस्तुस्थिती: हा 'ऑरा'. मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने एक विद्युत लाट सरकते; संशोधक आरिस्तिदिस लिआओ यांनी तिचं वर्णन १९४४ मध्ये केलं. लाट दृष्टीच्या केंद्रावरून जाते, म्हणून रेषाही हळूहळू पसरतात आणि बहुधा ५ ते ६० मिनिटांत ओसरतात.

गैरसमज: हे पित्ताचं डोकं; उलटी झाली की उतरेल.
वस्तुस्थिती: मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग आहे. झटक्यात जठराचं कामही मंदावतं. उशिरा घेतलेली गोळी त्यामुळे नीट लागू पडत नाही.

गैरसमज: दुखलं की गोळी घ्यावी, त्यात काय!
वस्तुस्थिती: साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, अर्धशिशीवरची 'ट्रिप्टान' औषधं किंवा मिश्र वेदनाशामक गोळ्या १० किंवा त्याहून जास्त दिवस, असं काही महिने चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. वारंवार दुखत असेल तर झटके टाळणारी औषधं मिळतात, न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

डोकं अचानक असह्य दुखू लागलं, बोलणं अडखळलं, अंगाची एक बाजू लुळी पडली किंवा चमकत्या रेषांसारखे दृष्टिदोष पहिल्यांदाच जाणवले, तर ते अर्धशिशीवर न ढकलता तत्काळ रुग्णालय गाठा. आणि घरातलं कुणी उजेड सोसत नाही म्हणालं, तर पुरावा मागू नका. आधी दिवा मालवा, मग डॉक्टरांची वेळ घ्या.