शेवटचा बाइट

१९९६ साली डिप्लोमाला असताना ‘सी’च्या जर्नलमध्ये एक प्रॅक्टिकल असायचं: एका फाईलची नक्कल दुसऱ्या फाईलमध्ये करणारा प्रोग्रॅम लिहा. टर्बो सीची निळी स्क्रीन, ड्राइव्हमध्ये फ्लॉपी आणि जेमतेम पंधरा ओळी. मूळ फाईल उघडायची, एकेक कॅरेक्टर वाचायचं, दुसरीकडे लिहायचं, ईओएफ आला की थांबायचं. मजकुराची फाईल झकास उतरली, सरांची सही झाली. लॅब बंद व्हायला वेळ होता, म्हणून तोच प्रोग्रॅम एका चित्राच्या फाईलवर चालवून पाहिला. मूळ फाईल ३८,००० बाइट्सच्या आसपास. नक्कल २१२ बाइट्सची. एरर एकही नाही. प्रोग्रॅम नेहमीसारखाच संपला होता.

कारण सापडायला दोन दिवस गेले. डॉसच्या आधीच्या सीपी/एम सिस्टिममध्ये फाईलची लांबी बाइट्समध्ये नोंदलीच जात नसे; १२८ बाइट्सचे गठ्ठे किती, एवढंच लिहिलेलं असायचं. मग मजकूर नेमका कुठे संपतो हे सांगायला फाईलमध्येच एक खूण टाकत: २६ क्रमांकाचा बाइट, म्हणजे कंट्रोल-झेड. डॉसला नेमकी लांबी ठाऊक होती, तरी ही खूण वारशाने आलीच. टर्बो सीमध्ये फाईल ‘टेक्स्ट’ म्हणून उघडली की लायब्ररी त्या बाइटपाशी फाईल संपली असं धरून चालायची. चित्राच्या फाईलमध्ये २६ म्हणजे एखाद्या ठिपक्याचा रंग. मोड बदलून ‘आरबी’ आणि ‘डब्ल्यूबी’ केला. नक्कल लांबली, पण तरीही अपुरीच. वाचलेलं कॅरेक्टर ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवत होतो तो ‘कॅर’ प्रकारचा होता. त्यात २५५ हा बाइट आला की त्याचा उणे एक होतो, आणि टर्बो सीत ईओएफ म्हणजेही उणे एक. ‘कॅर’चा ‘इंट’ केला तेव्हा कुठे सगळे बाइट्स आले.

ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांच्या १९७८ च्या ‘सी’वरच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात गेटचार-पुटचारने नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे, आणि व्हेरिएबल ‘इंट’ का हवा तेही तिथेच समजावलेलं आहे. आमच्या हातात मात्र नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ होतं. त्यावर आमची अख्खी पिढी सी शिकली. नकलेचा प्रोग्रॅम त्यातही आहे. मला नेहमी वाटतं, भाषा शिकवताना हा प्रोग्रॅम इतक्या लवकर यावा हे फार योग्य आहे. दिसायला तो लूपचा धडा, पण त्यात सिस्टिमशी बोलायची पहिली वेळ असते.

पुढची पायरी बफरची. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर १४,७४,५६० बाइट्स मावतात. युनिक्सच्या रीड-राइटने एकेक बाइट हलवला तर कर्नलकडे तितक्या वेळा वाचायला आणि तितक्याच वेळा लिहायला जावं लागतं. तेच ४,०९६ बाइट्सचा बफर घेतला की ३६० खेपा वाचायच्या, ३६० लिहायच्या. हा हिशेब मी वहीत मांडला होता आणि मग घड्याळ लावून तपासला होता. प्रोग्रॅमिंगमध्ये रमलो तो तेव्हापासून.

सीच्या १९८९ च्या स्टँडर्डमध्ये फाईलचं नाव बदलायला ‘रिनेम’ आहे, काढून टाकायला ‘रिमूव्ह’ आहे. नक्कल करायला काही नाही, आणि आजतागायत नाही. पूर्वी मला ही उणीव वाटायची. आता वाटतं, त्यामागे अडचण खरी आहे: नक्कल म्हणजे नेमकं काय? फक्त बाइट्स? की परवानग्या, तारखा, मालकही? त्या नावाची फाईल आधीच असेल तर? १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या विन३२ मधलं ‘कॉपीफाईल’ हा शेवटचा प्रश्न सरळ विचारतं; त्याचा तिसरा पॅरामीटर त्यासाठीच आहे.

मला सगळ्यात महागात पडला तो मात्र वेगळाच प्रश्न. २००५ च्या सुमारास एका व्यापाऱ्याच्या हिशेबाचा रात्रीचा बॅकअप आमच्या सी प्रोग्रॅममधून एनएफएसवरून दुसऱ्या मशीनवर जायचा. प्रत्येक राइटचं उत्तर आम्ही तपासत होतो, किती बाइट्स गेले ते मोजत होतो, कमी गेले तर उरलेले पुन्हा पाठवत होतो. तीन रात्री लॉगमध्ये ‘पूर्ण’ अशीच नोंद. चौथ्या दिवशी मूळ डिस्क गेली आणि बॅकअप उघडला, तर फाईल अर्धवट. पलीकडची डिस्क भरली होती. राइटला होकार मिळत होता, कारण माहिती अजून आमच्याच मशीनच्या मेमरीत होती. नकार आला तो फाईल बंद करताना, ‘क्लोज’च्या उत्तरात. ते उत्तर आमच्या कोडमध्ये कुणीच वाचत नव्हतं. त्या व्यापाऱ्याच्या मुनीमजींनी तीन दिवसांच्या पावत्या पुन्हा हाताने भरल्या. मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होतो.

त्यानंतर मी क्लोजचं उत्तर न वाचणारा कोड कुणाला पुढे जाऊ दिलेला नाही. आणि नक्कल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, एफसिंक करायची, बंद करायची, मगच खरं नाव द्यायचं, ही सवय लागली. म्हणजे अर्धी फाईल खऱ्या नावाने कधी दिसतच नाही.

भाषा हळूहळू हे काम अंगावर घेत गेल्या. सी++ मध्ये फार काळ एका ओळीची युक्ती चालायची: मूळ स्ट्रीमचा ‘आरडीबफ’ थेट दुसऱ्या स्ट्रीममध्ये ओतायचा. सुटसुटीत, पण मूळ फाईल रिकामी असली की ती नक्कल फसली असं कळवायची. बीमन डॉज यांनी बूस्टसाठी लिहिलेली फाईलसिस्टिम लायब्ररी अखेर सी++१७ च्या स्टँडर्डमध्ये आली, आणि ‘कॉपी_फाईल’ हे नाव भाषेत रुजू झालं. रस्टमध्ये २०१५ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच नकलेचं फंक्शन आहे. ते परवानग्याही नेतं, किती बाइट्स गेले ते सांगतं आणि त्याचं उत्तर वापरलं नाही तर कंपायलर टोकतो. ही टोकणी मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची वाटते. २००५ मध्ये ती हवी होती.

दरम्यान कर्नलनेही मधला फेरा वाचवायला सुरुवात केली. लिनक्समध्ये १९९९ साली ‘सेंडफाईल’ आलं, ते वेब सर्व्हरसाठी: फाईल थेट सॉकेटवर, प्रोग्रॅमच्या मेमरीत न आणता. २०१६ मध्ये ४.५ आवृत्तीत ‘कॉपी_फाईल_रेंज’ आलं, खास फाईलकडून फाईलकडे. २०२० मध्ये गो भाषेच्या १.१५ आवृत्तीने आपल्या ‘आयओ.कॉपी’खाली ते घातलं, आणि तक्रारी आल्या. लिनक्सच्या ‘प्रॉक’मधल्या फायलींची लांबी शून्य दिसते, मजकूर वाचतानाच तयार होतो. नव्या कॉलने शून्य लांबी पाहून शून्य बाइट्स नेले आणि काम झालं म्हणून सांगितलं. कर्नलच्या २०१९ मधल्या ५.३ आवृत्तीत या कॉलला वेगवेगळ्या फाईलसिस्टिममध्ये नक्कल करायची मोकळीक मिळाली होती, ती २०२२ च्या ५.१९ मध्ये मागे घेतली गेली.

आता तर बाइट्स हलतही नाहीत. ॲपलच्या २०१७ च्या एपीएफएसमध्ये, लिनक्सच्या बीटीआरएफएसमध्ये नक्कल म्हणजे त्याच ब्लॉककडे बोट दाखवणारी दुसरी नोंद. दोहोंपैकी एकीत बदल झाला की तेवढाच भाग वेगळा लिहायचा. २०२१ च्या कोअरयुटिल्स ९.० पासून ‘सीपी’ आपण होऊन हाच मार्ग आधी पाहतं. कित्येक जीबीची फाईल क्षणात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जेंटू लिनक्सवर गोचा कंपायलर बसवणाऱ्या एकाला दिसलं की नक्कल झालेल्या काही फायलींमध्ये मधले तुकडेच्या तुकडे शून्यांनी भरलेत. खाली ओपनझेडएफएस ही फाईलसिस्टिम होती. नव्या ब्लॉक क्लोनिंगवर संशय गेला, ते २.२.१ मध्ये बंद केलं गेलं. पण शोधत गेल्यावर चूक बरीच जुनी निघाली. फाईल नुकतीच लिहिली जात असताना ‘हिच्यात रिकामी जागा कुठे आहे’ असं विचारलं, तर क्वचित एखाद्या क्षणी, जिथे माहिती होती तिथेही, रिकामं आहे असं उत्तर येई. नकलेचा प्रोग्रॅम ते खरं मानून तेवढा भाग सोडून द्यायचा. महिनाअखेरीस २.२.२ मध्ये दुरुस्ती आली. १९९६ मध्ये मला २१२ हा आकडा पाहून चूक कळली होती. इथे लांबी बरोबर होती, राइट आणि क्लोज दोन्ही बिनतक्रार.

आमच्या बॅकअपच्या रस्ट कोडमध्ये तेव्हापासून नक्कल झाल्यावर मूळ आणि नक्कल दोन्ही पुन्हा पहिल्या बाइटपासून वाचून एसएचए-२५६ जुळवला जातो. वेळ बराच वाढतो, आणि दर काही महिन्यांनी टीममधलं कुणीतरी ती पायरी काढू या म्हणून येतं. मी त्यांना मुनीमजींच्या पावत्यांची गोष्ट सांगतो, आणि ती पायरी राहते.