सासरी जाणार नाही!

लग्न झालेली मुलगी चार दिवसांचे पंधरा दिवस माहेरी राहिली, की आजही शेजारणी हळूच विचारतात, “काय हो, सगळं ठीक ना?” मग मैत्रिणींनो, १८८४ सालच्या मुंबईचा विचार करा. विशीला टेकलेली एक मुलगी वकिलाची नोटीस हातात घेऊनही म्हणत होती, “अकराव्या वर्षी ज्याच्याशी माझं लग्न लावलंत, त्याच्या घरी मी नांदायला जाणार नाही.”

ही रखमाबाई. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथल्या मुलींना त्या ‘जुन्या काळच्या लेडी डॉक्टर’ एवढ्याच ठाऊक असतात. पण डॉक्टरकी नंतरची. खरं धाडस त्याआधीचं.

त्यांची आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. सुतार समाजात पुनर्विवाहाची चाल होती. तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता छोट्या रखमाच्या नावावर करून दिली. सावत्र वडील ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. घरात पुस्तकं होती, शिकलेल्या माणसांची ये-जा होती. रखमा घरीच वाचत राहिली.

नवरा दादाजी भिकाजी लग्नात १९ वर्षांचा. त्याने सासऱ्यांकडे राहून शिकावं असं ठरलं होतं. तो शिकला नाही आणि मामाकडे राहायला गेला. काही वर्षांनी त्याला बायको हवी झाली. रखमाबाई गेल्या नाहीत तेव्हा त्याने नांदायला येण्याचा दावा ठोकला. मालमत्तेवर डोळा होता, असं रखमाबाईंच्या बाजूने सांगितलं गेलं. असेलही. आईने तो कागद करून दिला नसता, तर वकील उभा करायची ऐपत कुठून आली असती?

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जी कधी नांदलीच नाही, तिला मोठेपणी मनाविरुद्ध नवऱ्याच्या हाती सोपवायचं हे रानटीपणाचं, असं त्यांचं मत पडलं. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर पत्रं आली होती. ती रखमाबाईंचीच. मग गदारोळ झाला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. दादाजीने अपील केलं, खटला पुन्हा चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर ६ महिने तुरुंगात.

रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

घरंदाज बाईने कोर्टाची पायरी चढायची नाही, असा तो काळ. तिथे ही तुरुंगाला तयार!

प्रत्यक्ष तुरुंगाची वेळ आली नाही. राणी व्हिक्टोरियाने लग्न मोडून दिलं, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं तुम्ही वाचलं असेल. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. १८८८ मध्ये दादाजीने २,००० रुपये घेऊन हुकूमनाम्यावर पाणी सोडलं. लग्न कायद्याने होतं तिथेच राहिलं.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी धीर दिला, वर्गणी जमली, आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला शिकायला गेल्या. १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात रुजू झाल्या. पुढे राजकोटला. सुरतेत सुरुवातीला बाळंतपणाला कोणी फिरकेचना. तेव्हा त्यांनी एका गाभण शेळीचं बाळंतपण इस्पितळात केलं आणि बायकांची भीती घालवली, असं सांगतात. आपल्यालाही पहिल्या खेपेला इस्पितळाचा वास नको वाटतोच की!

१९०४ मध्ये दादाजी वारला. त्यानंतर रखमाबाई विधवेसारख्या पांढऱ्या वस्त्रांत राहू लागल्या. हे वाचून तुमच्याही कपाळाला आठी पडेल. ज्याच्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग बरा, त्याच्यासाठी पांढरं लुगडं? मला वाटतं, लोकांच्या तोंडी लागायचं कुठे आणि आपलं काम निमूट चालू ठेवायचं कुठे, हे त्या बाई पक्कं जाणून होत्या. कुंकवापेक्षा त्यांना दवाखाना महत्त्वाचा वाटला असेल. हा माझा अंदाज. तुमचा वेगळा असू शकेल.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार करून, त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्यात घटस्फोटाचं कलम आलं, आणि नांदायला येण्याचा दावा लावण्याची सोयही राहिली, नवरा-बायको दोघांनाही. बायकोला त्यापायी तुरुंगात टाकणं १९२३ सालीच बंद झालं होतं. ज्या इंग्लंडातून हा दावा आपल्याकडे आला, तिथे तो १९७० साली रद्द झाला. आपल्याकडे नववं कलम अजून आहे.