गोलघुमटाचे दर्शन आणि मार्गदर्शकाचे कथन

ऐतिहासिक वास्तूंच्या अभ्यासात शिलालेख, फर्माने, तवारिखा, बखरी आणि प्रत्यक्ष मोजमाप ह्यांना साधनांचे स्थान आहे. वास्तू दाखविणाऱ्या माणसाच्या तोंडचे कथन मात्र ह्या मालिकेत सहसा धरले जात नाही. विद्वान ते ऐकून सोडून देतात, आणि सामान्य प्रवासी तेवढेच घेऊन घरी परततो. ह्या दोन्ही वृत्ती सारख्याच सदोष होत. अभ्याससहलीच्या निमित्ताने विद्यार्थी प्राचीन स्थळी जातात, तेव्हा त्यांच्या टिपणवहीत उतरणारा बराचसा मजकूर अशाच कथनातून आलेला असतो, व पुढे तोच मजकूर प्रबंधांतून निश्चित माहितीच्या रूपाने डोके वर काढतो. म्हणून ह्या कथनाची चिकित्सा कशी करावी, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. विजापूरच्या गोलघुमटाचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

गोलघुमट ही मुहंमद आदिलशाहाची कबर. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६ अशी. मराठ्यांच्या इतिहासाशी ह्या कालखंडाचा संबंध अगदी निकटचा आहे. निजामशाही बुडाल्यावर १६३६ मध्ये शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले ते ह्याच सुलतानाच्या पदरी. आणि ज्या १६५६ साली सुलतान मृत्यू पावला त्याच वर्षाच्या आरंभी शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली होती. पुढे १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले, १७६० मध्ये ते पेशव्यांकडे आले, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपुर असे आहे. मराठी माणसाच्या तोंडी मात्र विजापूर हेच नाव रुळले असून, ह्या इमारतीला तो ‘बोलघुमट’ असेही म्हणतो. ह्या लोकप्रिय नावातच पुढील विवेचनाचे बीज आहे. इमारत बोलते, ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. ती उभी कशी राहिली, ही गोष्ट राहिली नाही.

मार्गदर्शकासमवेत होणाऱ्या दर्शनाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. समोरच्या नगारखान्यात असलेल्या वस्तुसंग्रहालयावरून मंडळी मुख्य दालनात येतात. मध्यभागी उंच चौथऱ्यावर सुलतान व त्याच्या कुटुंबीयांच्या कबरी दिसतात. खरी थडगी त्यांच्या खाली तळघरात आहेत. येथे थोडा वेळ कथाकथन होते. नंतर कोपऱ्यातील जिन्याने चढण सुरू होते. चारही कोपऱ्यांवर सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे असून त्यांच्या लगतच्या अरुंद जिन्यांनी वर जावे लागते. चढणारे दमतात व कथनही थांबते. गच्चीवर वाऱ्यात क्षणभर थांबून सर्वजण लहानशा दरवाजाने घुमटाच्या पोटातील वर्तुळाकार सज्जात शिरतात. मग प्रयोग होतो. मार्गदर्शक मंडळींना एका बाजूस भिंतीशी बसवितो व स्वतः समोरच्या टोकाला जातो. तेथे तो कागद फाडतो, आगकाडी ओढतो, भिंतीकडे तोंड करून एखादे नाव पुटपुटतो. सव्वाशे फुटांवरील तो आवाज कानाशीच झाल्यासारखा ऐकू येतो. शेवटी तो एक टाळी वाजवितो आणि श्रोत्यांना प्रतिध्वनी मोजावयास सांगतो.

ह्या संपूर्ण कथनाचे पृथक्करण केले असता त्यात तीन भिन्न प्रकारची विधाने आढळतात : आख्यायिका, मापे आणि प्रयोग. प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे, आणि घोटाळा होतो तो एकाची कसोटी दुसऱ्यास लावल्यामुळे.

आख्यायिकांत रंभेची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. सुलतानाने सज्जात उभे राहून आपल्या ह्या प्रिय नर्तकीच्या प्रेमाची परीक्षा पाहिली, आणि तिने तत्काळ खाली उडी घेतली, असे सांगतात. रंभेची म्हणून दाखविली जाणारी कबर सुलतानाच्या कुटुंबीयांच्या कबरींसोबत आहे; एवढ्यावरून तिच्या स्थानाविषयी काही अनुमान करता येईल, परंतु उडीची कथा त्यातून निघत नाही. उंच सज्जा आणि त्याच्या थेट खाली कबर अशी रचना जेथे असेल, तेथे अशी कथा जन्मास येणे स्वाभाविक होय. कथा खरी मानून लिहिणे जितके चूक, तितकेच ती निरर्थक म्हणून टाकून देणे चूक. राजकुटुंबाच्या कबरींत एका नर्तकीची कबर का, ह्या प्रश्नाला लोकमानसाने दिलेले ते उत्तर आहे, आणि ह्या नात्याने तिची नोंद अवश्य व्हावी.

वास्तुशिल्पकाराविषयीचे विधान ह्याहून अधिक सावधगिरीने घ्यावयास हवे, कारण ते आख्यायिकेसारखे न दिसता माहितीसारखे दिसते. दाभोळचा याकूत हा गोलघुमटाचा शिल्पकार, असे सांगण्यात येते, आणि कोकणातील बंदराचे नाव ऐकून मराठी श्रोता सुखावतो. मलिक याकूत हे नाव काल्पनिक नव्हे. विजापूरच्या जामा मशिदीतील मिहराबाच्या सुवर्णरंगी अलंकरणासंबंधी ते तेथील लेखात येते व ते काम १६३६ च्या सुमाराचे आहे. तथापि मशिदीच्या मिहराबाचे रंगकाम करविणे आणि एवढा मोठा घुमट रचणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. एका ठिकाणच्या लेखाचा पुरावा दुसऱ्या इमारतीस लावला गेला आहे. गोलघुमटाच्या दक्षिण दरवाजावर लेख आहे; त्यातून हिजरी १०६७, म्हणजे १६५६ हे साल निघते. ते सुलतानाच्या निधनाचे साल होय. तो लेख सुलतानाविषयी बोलतो, शिल्पकाराविषयी नव्हे.

मापांच्या बाबतीत निराळाच दोष आढळतो. येथे आकडे बहुधा बरोबर असतात. चुकते ती तुलना. ‘जगातील दुसऱ्या क्रमांकाचा घुमट’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दर्शनात ऐकू येते. गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे १२४ फूट आहे. रोममधील पँथिऑनचा व्यास सुमारे १४२ फूट. त्याच शहरातील सेंट पीटरच्या चर्चचा घुमट आणि फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट हेही १२४ फुटांहून मोठेच आहेत. विसाव्या शतकात पोलाद व काँक्रीट वापरून बांधलेल्या क्रीडागृहांची छपरे तर ह्या सर्वांना मागे टाकतात. तेव्हा व्यासाच्या कसोटीवर हे विधान टिकत नाही.

परंतु ह्या विधानाच्या मुळाशी एक खरी गोष्ट दडलेली आहे. जेम्स फर्ग्युसन ह्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात गोलघुमटाची तुलना व्यासाने न करता आच्छादित क्षेत्रफळाने केली. आतील चौरस दालनाची बाजू सुमारे १३५ फूट, म्हणून क्षेत्रफळ १८,२२५ चौरस फूट. पँथिऑनचे १५,८३३ चौरस फूट. व्यासाने लहान असलेला घुमट अधिक जागा झाकतो हे वरवर विसंगत वाटते, पण त्याचे कारण सरळ आहे. पँथिऑनचे दालन वर्तुळाकार, तर विजापूरचे चौरस आहे. चौरसाचे चारही कोपरे घुमटाच्या परिघाबाहेर राहूनही त्याच छताखाली घेतले गेले आहेत. ते कसे घेतले, हाच ह्या वास्तूचा खरा प्रश्न होय. आणि मार्गदर्शकाच्या कथनात नेमका तोच विचारला जात नाही.

त्याचे उत्तर दालनाच्या मध्याजवळ उभे राहून वर पाहिल्यास मिळते. चारही भिंतींलगतच्या आधारांपासून आठ कमानी निघतात आणि त्या एकमेकींना छेदून जातात. एकमेकांशी ४५ अंशांचा कोन करून ठेवलेले दोन चौरस मनात आणावेत, म्हणजे ह्या आठ कमानींची मांडणी ध्यानात येईल. दोन चौरसांच्या छेदनातून मध्ये अष्टकोन उरतो. कमानींच्या मधली त्रिकोणी पृष्ठे जमिनीपासून सुमारे ५७ फुटांवरून आत झुकू लागतात, आणि १३५ फुटांची चौरस पोकळी वर जाता जाता ९७ फूट व्यासाच्या वर्तुळाकार तोंडात परिणत होते. ह्या तोंडाच्या कडेवर घुमट ठेवलेला नाही. तो त्याहून बराच मागे सरकवून, १२४ फूट व्यासाचा उभारलेला आहे.

ह्या मागे सरकविण्यातच सारे मर्म आहे. सुमारे दहा फूट जाडीचा, विटा आणि चुन्याचा हा घुमट आपल्या वजनाने खालच्या बांधणीला बाहेर ढकलू पाहतो. कमानींच्या छेदनातून तयार झालेला दगडी बांधकामाचा प्रचंड भार मात्र दालनाच्या आतील बाजूस झुकलेला आहे. एकाचा रेटा बाहेर, दुसऱ्याचा भार आत. दोहोंचा तोल साधला जातो. फर्ग्युसनने ह्या योजनेला ह्या इमारतीतील सर्वांत कल्पक व अभिनव भाग म्हटले आहे. हेन्री कझिन्स ह्याने विजापूरच्या वास्तूंची सविस्तर पाहणी करून १९१६ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही गोलघुमटाच्या बांधणीला महत्त्वाचे स्थान आहे.

आता सज्जाचा विचार करावा. १२४ मधून ९७ वजा जाता २७ उरतात. म्हणजे प्रत्येक बाजूस साडेतेरा फूट. कठड्याची जाडी सोडल्यास राहणारी अकरा-बारा फुटांची वर्तुळाकार पट्टी, तोच हा प्रसिद्ध सज्जा. तात्पर्य, सज्जाची जागा कुजबूज ऐकण्यासाठी मुद्दाम निर्माण केलेली नाही. घुमटाचा तोल साधणाऱ्या भाराचा तो माथा आहे. प्रवासी ज्या जागी उभा राहून आवाजाचे नवल करतो, ती जागाच घुमट कसा उभा आहे ह्याचे उत्तर असते, परंतु ते त्याला कोणी सांगत नाही.

राहिला प्रयोग. मार्गदर्शकाच्या कथनातील हा सर्वांत भरवशाचा भाग, कारण त्याची खातरजमा तत्क्षणी होते. कुजबुजीचे कारण पूर्वी असे मानीत की, ध्वनी घुमटावर आपटून समोरच्या बिंदूशी एकवटतो. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधील अशाच सज्जाच्या संदर्भात लॉर्ड रॅले ह्यांनी दाखवून दिले की, आवाज अंतर्वक्र भिंतीला बिलगून सरकत जातो. खुल्या जागेत आवाज सर्व दिशांना पसरून क्षीण होतो. येथे तो भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यात राहतो, म्हणून दूरवर टिकतो. मार्गदर्शक भिंतीकडे तोंड करून बोलतो व श्रोत्यांना भिंतीशी बसवितो, ह्याचा खुलासा ह्या सिद्धान्ताने होतो. सी. व्ही. रामन ह्यांनी १९२१-२२ च्या सुमारास अशा सज्जांचा अभ्यास केला आणि त्यात विजापूरच्या ह्या सज्जाचाही समावेश होता. पिढ्यान्‌पिढ्या मार्गदर्शक करीत आलेली कृती आणि भौतिकशास्त्राचा निष्कर्ष येथे एकमेकांना मिळतात.

प्रतिध्वनींच्या संख्येविषयी मात्र मतभेद ऐकू येतात. कोणी सात सांगतो, कोणी दहा, कोणी त्याहून अधिक. हे केवळ अतिशयोक्तीमुळे होते असे नाही. टाळीचा आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन परत येण्यास २४८ फूट अंतर काटतो. उष्ण हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ११५० फूट धरल्यास ह्याला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक अंतराने आलेले आवाज कानाला सामान्यतः वेगळे ओळखता येतात; म्हणूनच ह्या आवृत्त्या एकमेकींत न मिसळता मोजता येतात. दहा आवृत्त्यांना दोन सेकंदांहून थोडा अधिक काळ पुरतो. प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीहून क्षीण असते. तेव्हा शेवटची कोणती ऐकू येईल, हे टाळीच्या जोरावर आणि सज्जातील शांततेवर अवलंबून राहते. संख्या ही येथे इमारतीचा स्थिर गुण नसून त्या क्षणीच्या परिस्थितीचे माप आहे.

ह्यातूनच एक व्यावहारिक अडचण उद्‌भवते. सज्जात शिरताच बहुतेक प्रवासी ओरडू लागतात. प्रत्येक आरोळीचे अनेक प्रतिध्वनी होतात, ते एकमेकांत मिसळतात, आणि ज्या कुजबुजीसाठी ही जागा प्रसिद्ध आहे ती कुजबूजच कोणास ऐकू येत नाही. सकाळी दार उघडताच, गर्दी होण्यापूर्वी वर जावे, असा सल्ला जाणकार मार्गदर्शक देतात तो ह्याचसाठी. एवढ्या माणसांना दोन मिनिटे स्तब्ध बसविण्याचे त्यांचे कसब हा त्या ज्ञानाचाच एक भाग समजावयास हवा. ते कोणत्याही ग्रंथात सापडत नाही.

सारांश, मार्गदर्शकाचे कथन हे एकजिनसी साधन नव्हे. त्यातील आख्यायिका लोकस्मृती म्हणून नोंदवावी व तिला घटनेचा दर्जा देऊ नये. त्यातील तुलना कोणत्या मापाने केली आहे हे विचारल्याशिवाय स्वीकारू नये. त्यातील प्रयोग मात्र आदराने पाहावा व स्वतः करून पडताळावा. ह्याखेरीज जे सांगितले जात नाही त्याकडे लक्ष देणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय. गोलघुमटाच्या प्रचलित दर्शनात कानाला भरपूर मिळते, डोळ्याला फार थोडे. म्हणून विद्यार्थ्याने जिना चढण्यापूर्वी दालनातच काही काळ थांबावे, मान वर करून त्या आठ कमानी एक एक करून मोजाव्यात, त्यांच्या छेदनाची आकृती वहीत काढावी, आणि मगच सज्जात जाऊन कान द्यावा. मग आपण कशावर उभे आहोत, हे त्याला आधीच ठाऊक झालेले असेल.