बी.पी.ची गोळी आणि माणसाचा वंश

कंट्रोल सिस्टिम्सच्या लेक्चरला निम्मा वर्ग डुलक्या काढत असतो, हे काही गुपित नाही. पण तोच फीडबॅक लूप आपल्या शरीरात चोवीस तास चालू असतो, आणि तो बिघडला की बी.पी.ची गोळी मागे लागते. गंमत म्हणजे पहिली गोळी कुठली द्यायची हे ठरवताना काही देशांतले डॉक्टर पेशंटचा वंशही विचारात घेतात. असं का?

आधी लूप बघू. रक्ताचा दाब कमी झाला किंवा मीठ कमी पडलं, की किडनी रेनिन नावाचं द्रव्य सोडते. १८९८ साली स्टॉकहोममध्ये सशाच्या किडनीत ते पहिल्यांदा सापडलं. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन-१ तयार होतं, आणि एसीई नावाचं एन्झाइम त्याचं अँजिओटेन्सिन-२ करतं. हे महाशय दोन कामं करतात. एक, रक्तवाहिन्या आवळतात. दोन, किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडायला लावतात. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, "मीठ बाहेर टाकू नकोस." मिठाबरोबर पाणीही राहतं, दाब वाढतो, आणि दाब वाढला की रेनिन बंद. झाला निगेटिव्ह फीडबॅक!

आता हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. पंप बंदच होत नसेल तर त्याची वायर काढणं हा उपाय. एसीई रोखणाऱ्या गोळ्या हेच करतात. पण काही लोकांच्या शरीरात मीठ आणि पाणी आधीच साठलेलं असतं. टाकी काठोकाठ भरलेली, पंप म्हणजे रेनिन जवळजवळ बंद, तरी दाब जास्तच. इथे वायर काढून फारसा फायदा नाही, खालचा नळ सोडायला हवा. म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी गोळी.

अमेरिकेत अनेक वर्षांच्या अभ्यासात दिसलं, की बी.पी. असलेल्या कृष्णवर्णीय लोकांत हा 'कमी रेनिन'वाला प्रकार गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो, आणि खाण्यातल्या मिठाने त्यांचा दाब सरासरीने जास्त चढतो. हा फरक नुसता कागदावरचा नाही. २००२ साली 'ऑलहॅट' या मोठ्या चाचणीचे निकाल आले. ३३ हजारांहून जास्त पेशंट, त्यातले सुमारे ३५ टक्के कृष्णवर्णीय. त्यांच्यापैकी ज्यांना एसीई रोखणारी लिसिनोप्रिल दिली, त्यांच्यात मीठ-पाणी काढणाऱ्या क्लोरथॅलिडोनच्या तुलनेत पक्षाघाताचं प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त निघालं. बाकीच्या पेशंटमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे चुकीच्या गोळीची किंमत एखाद्याला अर्धं अंग लुळं पडून मोजावी लागते.

मग हे सगळं रक्तातच लिहिलेलं आहे का? इथे जरा थांबायला हवं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत पश्चिम आफ्रिकेत उच्च रक्तदाबाचं प्रमाण १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत ३३ टक्के निघालं. पूर्वज आफ्रिकेतलेच, पण आकडा दुप्पट! वजन, मीठ, राहणीमान यांचा वाटा किती मोठा असतो ते यावरून कळतं.

दुसरी गोष्ट, वय वाढलं की रेनिन सगळ्यांचंच कमी होतं, मग वंश कुठलाही असो. म्हणूनच ब्रिटनच्या नियमावलीत डायबेटिस नसलेला ५५ किंवा जास्त वयाचा कुठलाही माणूस आणि आफ्रिकी वंशाचा कुठल्याही वयाचा माणूस एकाच रकान्यात येतात. दोघांनाही सुरुवातीला साधारणपणे रक्तवाहिन्या सैल करणारी अॅम्लोडिपिनसारखी गोळी. पंचावन्नच्या आतल्या भारतीयाला मात्र गोऱ्या माणसासारखीच, अँजिओटेन्सिनला अडवणारी गोळी.

थोडक्यात काय, तर वंश हे डब्यावरचं लेबल आहे. आत काय आहे याचा अंदाज त्यावरून येतो, खात्री नाही. कृष्णवर्णीयांतही भरपूर रेनिनवाले असतात आणि गोऱ्यांतही कमी रेनिनवाले. रेनिन रक्ताच्या तपासणीत मोजता येतं, पण ती तपासणी सर्रास होत नाही, म्हणून लेबल वाचून काम चालवलं जातं.

आपल्या स्टाफपैकी बऱ्याच जणांना बी.पी.ची गोळी चालू असेल. त्यांना एकच विनंती. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना अमुक गोळी लागू पडली म्हणून आपणही तीच सुरू करू नका. त्यांची टाकी वेगळी, आपली वेगळी. डॉक्टरांना विचारा. आणि मेसमधलं लोणचं-पापड जरा बेताने, हे मात्र सगळ्यांनाच लागू!