ग्राउडॉनपूर्वीची मसलत

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाशी बुधवारी सायंकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे उन्हाचा ताव अद्याप ओसरलेला नसताना, मोबाइलवर मान झुकवून उभा असलेला पाचसहा तरुणांचा घोळका पाहून येणाऱ्याजाणाऱ्यांस हे कोणाची तरी वाट पाहत असावेत असे वाटते. आणि ते खरेही असते, कारण बुधवारचा सहा ते सात हा ‘पोकेमॉन गो’ या खेळातील धाडीचा, खेळाडूंच्या बोलीत ‘रेड अवर’चा, मुक्रर तास होय. निआंटिक या अमेरिकन कंपनीने घडविलेला हा खेळ 2016 च्या डिसेंबरात रिलायन्स जिओच्या साहाय्याने भारतात रीतसर दाखल झाला आणि 2017 च्या जूनपासून त्यात धाडी, म्हणजे एका बलाढ्य शत्रूवर मिळून तुटून पडण्याच्या लढाया, सुरू झाल्या.

धाडीचा हिशेब कठोर आहे. पंचतारांकित शत्रूच्या अंगी 15,000 एवढी जीवशक्ती असते आणि ती संपविण्यास 300 सेकंदांची मुदत मिळते. म्हणजे सर्वांनी मिळून दर सेकंदास सरासरी 50 चा घाव घातलाच पाहिजे. प्रत्येक खेळाडूने आपल्याजवळचे सहा प्राणी, म्हणजे पोकेमॉन, घेऊन उतरावयाचे असते. हे सहा कोणते, याची मसलत तत्पूर्वीच्या 120 सेकंदांच्या प्रतीक्षेत आटोपावी लागते, आणि मला विचाराल तर प्रत्यक्ष लढाईपेक्षा, जी पुष्कळशी पडद्यावर बोट आपटण्याचीच असते, हा अल्प अवधीच अधिक पाहण्याजोगा आहे.

नवशिका खेळाडू ‘सीपी’, म्हणजे प्राण्याची युद्धशक्ती, या एका आकड्यावर भाळतो. अशा एका सायंकाळी एका पोराने हेच केले.

“काय बे, स्लेकिंग कशाला घातलास?”

“अण्णा, सीपी बघ की त्याचा!”

“सीपी घेऊन काय करतो बे? जांभई देतंय ते नुसतं.”

ही थट्टा नव्हती. स्लेकिंग या प्राण्याच्या शीघ्र हल्ल्याचे नावच जांभई असून त्याने शत्रूचे तिळमात्र नुकसान होत नाही. खेळ स्वतः होऊन जो चमू सुचवितो, त्याच्यावरही जाणते विसंबत नाहीत, कारण त्याचा कल मारण्यापेक्षा तगण्याकडे असतो आणि येथे तर घड्याळाशी गाठ असते.

त्या दिवशीचा शत्रू ग्राउडॉन हा भूमिजातीचा होता. भूमीवर जल, वनस्पती आणि हिम या तीन जातींचे हल्ले 1.6 पट लागू पडतात. एवढे ठाऊक असलेला मनुष्य कायोगरसारखे जलचर रांगेत लावून निश्चिंत होईल. परंतु ग्राउडॉनच्या भात्यात भूकंप, अग्निवर्षाव, सौरकिरण अशा मोठ्या अस्त्रांपैकी कोणते तरी एकच त्या धाडीपुरते असते, आणि ते कोणते हे लढाईस तोंड फुटल्याखेरीज कळत नाही. सौरकिरण निघाला तर जलचर पटापट लोळतात. त्यातही स्वॉम्पर्ट हा जल आणि भूमी अशा दुहेरी जातीचा असल्याने त्यास तो घाव 2.56 पट बसतो. अग्निवर्षाव निघाला तर पाळी वनस्पतींवर येते. भूकंप निघाला तर मात्र सेप्टाइलसारखी निखळ वनस्पती तो सहज सोसते. रोझरेड या वनस्पतीला ती सवलत नाही, कारण तिच्या अंगचे विष वनस्पतीचे कवच निष्फळ करते. म्हणून अनुभवी मंडळी जलचर आणि वनस्पती अशा दोन्ही फौजा आधीच सिद्ध ठेवतात आणि पहिल्या काही सेकंदांत शत्रूचे अस्त्र ओळखून, जरूर पडल्यास, माघार घेऊन दुसरी उतरवितात. या अदलाबदलीत घड्याळ थांबत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता हवामानाचा मामला. खेळातील आकाश आपल्या डोक्यावरच्या आकाशाप्रमाणे बदलते. ते निरभ्र असले की वनस्पती, भूमी आणि अग्नी यांच्या हल्ल्यांस 1.2 पट बळ चढते. म्हणजे सोलापूरच्या उन्हात ग्राउडॉनची ही अस्त्रे अधिक जहाल होतात. हा अन्यायच म्हणावयाचा, परंतु त्याची भरपाईही त्याच उन्हात आहे: सेप्टाइलचा वनस्पती-हल्ला जातीचा लाभ, स्वजातीच्या अस्त्राचा 1.2 पट लाभ आणि उन्हाचा लाभ मिळून 2.304 पटीस पोहोचतो, तर जलचराचा 1.92 वरच थांबतो, कारण त्याची वाढ पावसावर अवलंबून आणि येथे पाऊस दुर्मिळ. शिवाय उन्हात पकडलेला ग्राउडॉन विसाव्याऐवजी पंचविसाव्या पातळीचा हाती लागतो, हा जिंकणाऱ्याचा मेहनताना.

हिमजातीची गोष्ट निराळी. तिला बळ देणारा बर्फ या शहरात पडत नाही. तरीही रेक्वाझासारख्या, हिमाने 2.56 पट घायाळ होणाऱ्या शत्रूसाठी मॅमोस्वाइन हा हिमजातीचा प्राणी बाळगावाच लागतो. परंतु ज्या सोलापूरकराजवळ सामग्री मोजकी आहे, त्याने ती प्रथम वनस्पतींवर, मग जलचरांवर खर्चावी आणि हिमाचा नंबर शेवटी लावावा, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.