पित्तनलिकेतील खडा काढल्यानंतरचा रक्तस्राव : घरच्यांनी काय पाहावे?

कावीळ झाली, पित्तनलिकेत खडा अडकल्याचे सोनोग्राफीत दिसले आणि तो दुर्बिणीतून काढला गेला. पोटावर एकही टाका नाही. दोन-तीन दिवसांत आजी किंवा आजोबा घरी आले, मऊ भात खाऊ लागले, डोळ्यांचा पिवळेपणा उतरू लागला, की सारे पार पडले असे कुटुंबाला वाटते. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु पोटावर टाका नसला, तरी आत एक लहानशी जखम असते आणि काही वेळा ती अनेक दिवसांनी रक्त सोडू लागते. त्या क्षणी रुग्णाजवळ तज्ज्ञ डॉक्टर नसतात, आपण असता. म्हणून हा रक्तस्राव ओळखता येणे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे.

जखम कोठे असते?

यकृतात तयार झालेले पित्त पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात येते. नलिका जेथे उघडते, तेथे एक छोटा उंचवटा आणि त्याभोवती स्नायूंचे वलय असते. पित्तासाठी हे दार पुरेसे आहे, खड्यासाठी नाही. ‘ईआरसीपी’ या प्रक्रियेत बाजूने पाहणारी दुर्बीण तोंडावाटे तेथपर्यंत नेतात आणि विद्युतप्रवाह वाहणाऱ्या बारीक तारेने ते वलय थोडेसे छेदतात. या छेदाला स्फिंक्टरोटॉमी म्हणतात. त्यानंतर लहान फुगा किंवा तारेची टोपली वापरून खडा बाहेर ओढला जातो. १९७४ साली जर्मनी व जपानमधील डॉक्टरांनी या छेदाची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. त्यापूर्वी अशा खड्यासाठी सहसा पोट उघडावे लागे.

छेद लहान असला, तरी त्या भागाला रक्तपुरवठा भरपूर असतो. विद्युतप्रवाहाच्या उष्णतेने कापलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे बंद होतात. पुढे जखमेवरची खपली सुटताना एखादे तोंड पुन्हा उघडू शकते. म्हणूनच रक्तस्राव काहींना प्रक्रियेच्या वेळीच होतो, तर काहींना घरी गेल्यावर, बहुधा पहिल्या आठवड्यात आणि क्वचित दोन आठवड्यांपर्यंत. छेद दिलेल्या शंभर रुग्णांमध्ये सुमारे एक-दोघांना अशी दखल घेण्याजोगी तक्रार होते. छेद न देता केवळ स्टेंट बसवला असेल, तर हा धोका बराच कमी असतो.

धोका कोणाला अधिक?

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, यकृताचा सिरॉसिस असलेले, प्लेटलेट कमी असलेले आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण यांना धोका अधिक असतो. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग होऊन थंडी-ताप आला असेल, किंवा छेद देतानाच रक्त आले असेल, तरीही काळजी वाढते. बराच काळ पित्त अडून राहिले, की आहारातील ‘के’ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि रक्त गोठण्यास वेळ लागतो. म्हणून प्रक्रियेपूर्वी ‘आयएनआर’ आणि प्लेटलेट तपासतात आणि गरज असल्यास ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. या तपासण्या अनावश्यक खर्च समजू नयेत.

गोळ्यांचा खरा पेच

हृदयात स्टेंट असलेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या ज्येष्ठांना रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात. ती चालू ठेवावीत तर रक्तस्रावाचा धोका, आणि बंद करावीत तर हृदयविकाराच्या झटक्याचा किंवा पक्षाघाताचा. हा निर्णय पोटविकारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. घरच्यांनी किंवा औषधाच्या दुकानदाराने नव्हे.

सर्वसाधारणपणे ॲस्पिरिन चालू ठेवता येते. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आणि वॉरफरिन सुमारे पाच दिवस आधी थांबवतात. अपिक्साबान, रिव्हारोक्साबान यांसारखी नवी औषधे साधारण दोन-तीन दिवस आधी थांबवली जातात. मूत्रपिंड दुर्बल असेल तर अधिक काळ लागू शकतो. हृदयातील स्टेंट अलीकडचा असेल, तर छेद पुढे ढकलून तूर्त पित्तनलिकेत तात्पुरता स्टेंट ठेवण्याचा मार्गही उपलब्ध असतो.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. आपल्याकडे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. ‘ती हृदयाची गोळी’ एवढेच सांगितले, तर त्यात नेमके काय आहे हे डॉक्टरांना कळत नाही. त्यामुळे सर्व औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात. घरी सोडताना कोणते औषध कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायचे, हे कागदावर लिहून घ्यावे. गुडघेदुखीची गोळीही या काळात विचारल्याशिवाय देऊ नये.

ओळखावे कसे?

पहिली खूण बहुधा शौचाच्या रंगात दिसते. आतड्यात उतरलेल्या रक्तामुळे मल डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र दुर्गंधीचा होतो. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळसर होतो. पण तो सहसा हिरवट झाक असलेला व बांधीव असतो आणि त्याला तसा उग्र वास येत नाही. माझ्या पाहण्यातील एका वृद्ध गृहस्थांना चौथ्या दिवसापासून काळे शौचाला होत होते. घरच्यांनी ते लोहाच्या गोळ्यांवर ढकलले. दोन दिवसांनी ते न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडले, तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आले होते. वेळेवर रक्त मिळाले आणि दुर्बिणीतून उपचार झाला, म्हणून ते वाचले. शंका असेल, तर फरक ठरवण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे.

पुष्कळ ज्येष्ठ शौचाकडे पाहतच नाहीत, किंवा संकोचाने सांगत नाहीत. निदान दोन आठवडे त्यांनी पाणी टाकण्यापूर्वी पाहावे आणि रंग सांगावा. ज्यांची दृष्टी अधू आहे, त्यांच्यासाठी घरातील एकाने ही जबाबदारी घ्यावी. याखेरीज पुढील लक्षणे गंभीर समजावीत :

• रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी
• शौचावाटे लाल रक्त
• उठून बसताना अंधारी येणे, गार घाम सुटणे, धाप लागणे
• लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे किंवा अकारण ग्लानी
• पुन्हा कावीळ, थंडी-ताप किंवा तीव्र पोटदुखी

शेवटच्या ओळीतील तक्रारींमागे नलिकेत अडकलेली रक्ताची गुठळी असू शकते. तसेच स्वादुपिंडाची सूज, जंतुसंसर्ग किंवा आतड्याला पडलेले छिद्रही असू शकते. आणखी एक सावधगिरी : रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी औषधे चालू असतील, तर रक्त जात असूनही नाडी जलद होत नाही. ‘नाडी ठीक आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

रुग्णालयात काय करतात?

काळे शौच किंवा रक्ताची उलटी दिसताच, सकाळची वाट न पाहता, दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. शक्यतो जेथे प्रक्रिया झाली तेथेच. आधी फोन करावा. रुग्णाला आडवे ठेवावे, उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे आणि खायला देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा आणि रक्तदाबाच्या गोळीचा पुढचा डोस फोनवर विचारल्याशिवाय देऊ नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

तेथे प्रथम शिरेतून द्रव देतात आणि हिमोग्लोबिन, रक्तगट, आयएनआर तपासतात. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यास साधारणतः रक्त चढवतात. हृदयविकार असल्यास त्याआधीही. नंतर पुन्हा दुर्बीण घालून जखम पाहतात. तेथे पातळ केलेले ॲड्रिनॅलिन टोचणे, फुग्याने दाब देणे, उष्णतेने रक्तवाहिनी बंद करणे किंवा धातूची चिमटी लावणे, यांपैकी एक किंवा दोन उपाय योजतात. रक्त तरीही थांबले नाही, तर नलिकेत आच्छादित धातूचा स्टेंट बसवतात. तो फुलून जखमेवर आतून दाब देतो आणि काही आठवड्यांनी काढला जातो. त्यानेही भागले नाही, तर मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून सूक्ष्म नळी नेऊन ती रक्तवाहिनी बंद केली जाते. शस्त्रक्रियेची वेळ आता क्वचितच येते.

‘पुन्हा दुर्बीण’ ऐकून घरच्यांचा धीर सुटतो, आणि रुग्णही नकार देतो. परंतु बहुतेक रुग्णांचे रक्त दुर्बिणीतूनच थांबते, आणि पहिल्या वेळी खडा काढणे व्यर्थ गेले असा याचा अर्थ होत नाही. तेव्हा घरी येतानाच रुग्णालयाचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक, छेद दिला की नाही याची नोंद आणि औषधे पुन्हा सुरू करण्याची तारीख या तीन गोष्टी एका कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावाव्यात. स्टेंट ठेवला असेल, तर तो काढण्याची तारीख ही चौथी. पंधरा दिवसांनी पहिले तीन मुद्दे खोडता येतील. चौथा मात्र स्टेंट निघेपर्यंत तसाच राहू द्यावा.