मूत्रपिंडातील तिपेडी वेणी

मनुष्याची मूत्रपिंडे दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांतील दीड-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर पडतो. बाकीचा शरीर परत घेते. परत घेण्याच्या या कामी पेशींच्या पटलांवरील सूक्ष्म द्वारे क्षारांच्या कणांची ये-जा सांभाळतात. काही आनुवंशिक विकारांत ही द्वारेच सदोष असतात. दुसऱ्या काहींत मात्र मुळातल्या गाळणीची वीण उसवते. ती वीण कशी असते, हे कळण्याचा मार्ग मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, खुला झाला.

जी. एन. रामचंद्रन १९५२ साली मद्रास विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक म्हणून आले. त्वचेला व हाडांना बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची घडण तेव्हा नीट उमगलेली नव्हती. १९५४ मध्ये रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी क्ष-किरणचित्रांच्या आधारे तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढच्याच वर्षी त्या परस्परांभोवती पीळ घेतात, ही सुधारणा तीत झाली. घरोघरची तिपेडी वेणीच म्हणा ना! फरक एवढाच, की या वेणीच्या गाभ्यात तसूभरही जागा मोकळी नसते. साखळीचा प्रत्येक तिसरा दुवा आत वळतो, आणि तेथे ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच मावते. पेडांमधील बंध किती, यावर केंब्रिजच्या संशोधकांशी मतभेद झाला. वेणी मात्र टिकली.

त्यापूर्वी, १९२७ साली, सेसिल आल्पोर्ट या वैद्याने एका ब्रिटिश कुटुंबाची हकीगत नोंदविली होती. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लघवीतून रक्त जाई व बहिरेपणा येई. पुरुष अकाली दगावत, स्त्रिया बहुधा वृद्धापकाळापर्यंत जगत. मूत्रपिंडाचा आणि कानाचा संबंध तो काय? दोन्ही ठिकाणच्या नाजूक पडद्यांत एकाच जातीचे कोलॅजन असते, हा तो संबंध. त्याचे एक जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याचे १९९० मध्ये सिद्ध झाले. अनेक कुटुंबांत दोष एवढाच आढळतो, की ग्लायसिनच्या जागी एखादा मोठा दुवा येऊन बसलेला असतो. मग पेड जुळत नाहीत, गाळणी विरते, आणि रक्तपेशी व प्रथिने मूत्रात उतरतात.

पुरुषाला एकच एक्स गुणसूत्र असते, म्हणून मुलग्यांना हा विकार अधिक छळतो. पण आई केवळ दोषाची वाहक, तिला स्वतःला धोका नाही, ही जुनी समजूत चुकीची ठरली आहे. अशा काही स्त्रियांचीही मूत्रपिंडे उत्तरायुष्यात निकामी होतात. एरवी मुलाला मूत्रपिंड देण्यास आपल्याकडे बहुधा आईच पुढे सरसावते. या विकारात तिचा होकार स्वीकारण्याआधी तिची लघवी, तिचे कान व शक्य तर तिचे जनुकही तपासावे लागते. मुलगा लहान असतानाच लघवीतील सूक्ष्म रक्त ध्यानी आले, तर रक्तदाबावरच्या काही परिचित औषधांनी मूत्रपिंडाचा ऱ्हास कित्येक वर्षे लांबविता येतो. मग आईवर तो प्रसंग पुष्कळ उशिरा येतो.